खसरा, खतौनी आणि व्ह्यूचे नामकरण

वाराणसी जिल्ह्यातील एखाद्या तहसिलीत जमिनीची चौकशी करावयास गेलेल्या माणसासमोर दोन दफ्तरे येतात, आणि ती दोन्ही एकाच भूमीची असली तरी त्यांची मांडणी परस्परांहून सर्वस्वी निराळी असते. खसरा हे शेतवार दफ्तर होय. गावातील गाटे त्यात अनुक्रमाने येतात आणि प्रत्येक गाट्यासमोर त्याचे क्षेत्र, पीक, सिंचनाचे साधन अशी नोंद असते. खतौनी हे खातेवार दफ्तर. तिच्यात प्रथम खातेदार येतो आणि त्याच्या नावाखाली त्याचे गाटे येतात, मग ते गावाच्या कोणत्याही कोपऱ्यात असोत. पिकाची पडताळणी करणाऱ्या लेखपालाला पहिले दफ्तर हवे, तर वारसाहक्काची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दुसरे. गंगाकाठची ती माती एकच आहे; पाहणाऱ्याचे प्रयोजन भिन्न आहे, आणि म्हणून तिचे दर्शन भिन्न आहे.

संगणकावरील माहितीव्यवस्थेत अशा प्रयोजनानुसारी दर्शनाला ‘व्ह्यू’ म्हणतात. आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड ह्या गणितज्ञाने 1970 साली असा विचार मांडला की, मोठा माहितीसाठा हा परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपाने ठेवावा, आणि ती माहिती यंत्राच्या पोटात कोठे व कशी साठवली आहे ह्याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये. त्याच संस्थेत पुढे ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला, आणि व्ह्यूची कल्पना तेथे प्रत्यक्षात उतरली. व्ह्यू म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेला प्रश्न. मूळ तक्त्यांतून कोणते रकाने घ्यावयाचे, कोणत्या ओळी वगळावयाच्या, कशाची बेरीज करावयाची, हे एकदा लिहून ठेवले आणि त्याला नाव दिले, की पुढे ते नाव उच्चारताच उत्तराचा तक्ता समोर येतो. वापरणाऱ्याला तो खऱ्या तक्त्यासारखाच भासतो, पण सामान्यतः त्याची स्वतंत्र साठवण कोठेही नसते. ह्याचा परिणाम असा की, व्ह्यूचे बाकीचे सर्व अंतरंग पडद्याआड राहते आणि वापरणाऱ्याच्या हाती त्याचे नाव व त्याचे रकाने एवढेच उरते. म्हणून तक्त्याच्या नावापेक्षाही व्ह्यूच्या नावावर अधिक भार पडतो, आणि ते देण्याचे काम अधिक जबाबदारीचे ठरते.

कामकाजाच्या प्रक्रियेचा आराखडा काढू लागले म्हणजे ही जबाबदारी विशेष जाणवते. महाराष्ट्रातील फेरफाराचेच उदाहरण घेऊ. खरेदीखताची किंवा वारसाची वर्दी येते; तलाठी गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो; संबंधितांना नोटीस जाऊन हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली जाते; हरकत आल्यास प्रकरण नमुना सहा-अ ह्या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते; आणि अखेर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा रद्द करतो. एकाच फेरफाराची ही अनेक रूपे आहेत, आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाला त्यांतले एखादेच रूप हवे असते. प्रक्रियांची चित्रे काढण्यासाठी बीपीएमएन नावाची जी चिन्हपद्धती जगभर रूढ आहे, तिच्यात ह्यासाठी एक उत्तम संकेत आहे: दस्तऐवजाच्या नावाखाली चौकटी कंसात त्याची अवस्था लिहावयाची. ‘फेरफार [नोंदलेला]’, ‘फेरफार [विवादग्रस्त]’, ‘फेरफार [प्रमाणित]’ असे लिहिले, की वस्तू कोणती आणि ती कोणत्या टप्प्यावर आहे, ह्या दोन्ही गोष्टी एका दृष्टिक्षेपात कळतात. मात्र चित्रावर ‘फेरफार [प्रमाणित]’ लिहावे, व्ह्यूला ‘मंजूर_नोंदी’ म्हणावे आणि अहवालाच्या माथ्यावर ‘अंतिम यादी’ छापावी, असा प्रकार झाला, तर ही तिन्ही नावे एकाच गोष्टीची आहेत हे नव्याने आलेल्या माणसाला कोण सांगणार?

नामकरणाच्या दोन परंपरा आपल्या महसुली दफ्तरांतच समोरासमोर उभ्या आहेत. महाराष्ट्रात गावदफ्तराला क्रमांकांची नावे आहेत. नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा, नमुना बारा पिकांच्या नोंदीचा, आणि दोहोंचा मिळून सातबारा. खातेदाराच्या एकूण धारणेसाठी आठ-अ. उत्तर प्रदेशात ह्याच कामासाठी खसरा आणि खतौनी हे बोलते शब्द आहेत. क्रमांकाचा गुण असा की, तो आखूड असतो, त्याचा अर्थ सहसा सरकत नाही, आणि सहा-अ, सहा-क, सहा-ड अशा उपशाखा काढून त्याला वाढवता येते. दोष असा की, तो मुका असतो, आणि सहा-क ही वारसांची नोंदवही आहे हे पाठ केल्यावाचून कळण्याचा मार्ग नसतो. शब्दाचा गुण असा की, तो स्वतःच काही सांगतो. दोष असा की, तो ज्या प्रदेशात जातो त्या प्रदेशाचा होऊन बसतो. नागपूरकडे जमिनीच्या व्यवहारात आजही खसरा क्रमांक सांगितला जातो, आणि तेथे त्या शब्दाने मनुष्याच्या डोळ्यांपुढे दफ्तर येत नाही, जमिनीचा तुकडा येतो. वाराणसी आणि नागपूर येथील माहिती एका संगणकात आणून ‘खसरा’ नावाचा व्ह्यू केला, तर एक वाचणारा त्यात वह्या शोधील आणि दुसरा शेते.

नाव आणि ओळख ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, ह्याचा धडा वाराणसीची रेल्वे स्थानके देतात. 24 मे 1956 पासून शहराचे अधिकृत नाव वाराणसी झाले. परंतु मुख्य स्थानकाचा संकेत बीएसबी हाच राहिला, आणि जुन्या बनारसचा ‘बी’ त्यात अद्याप टिकून आहे. 2021 साली त्याच शहरातील मंडुआडीह स्थानकाला बनारस हे नाव मिळाले आणि त्याचा संकेत बीएसबीएस असा ठरला. वाराणसी सिटी आणि काशी ही स्थानके आणखी निराळीच आहेत. लोकव्यवहारात बनारस, काशी आणि वाराणसी ही एकाच नगरीची नावे. रेल्वेच्या दफ्तरात मात्र ती तीन पृथक् स्थानके. तिकिटांचा हिशेब पाहणाऱ्याने ‘बनारस_प्रवासी’ असा व्ह्यू केला, तर त्यात एका स्थानकाचे प्रवासी आहेत की साऱ्या नगरीचे, हे त्या नावावरून ठरत नाही. आणि बीएसबी हा संकेत पाहून ते बनारस स्थानक समजणारा मनुष्य तर सरळ चुकीच्या स्थानकाचा हिशेब मांडील. म्हणून व्ह्यूच्या आत ओळखीसाठी संकेत असावा आणि माणसाने वाचावयाच्या नावात व्याप्तीचा स्पष्ट उल्लेख असावा: ‘स्थानक’ की ‘शहर’.

वाराणसीत महसुली दफ्तर आणि शब्दशास्त्र ह्यांची गाठ एका इंग्रज अंमलदाराच्या कारकिर्दीत पडलेली दिसते. जोनाथन डंकन हा बनारसचा रेसिडेंट असताना 1791 साली तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन झाली, आणि 1795 साली त्या प्रांतात कायमधाऱ्याची पद्धत लागू झाली. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. त्या पाठशाळेचेच आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय झाले आहे. पण नावे कशी द्यावीत आणि दिलेल्या नावांचा अर्थ कसा लावावा, ह्याचा सूक्ष्म विचार काशीत तिच्याही पूर्वीपासून चालू होता, आणि त्यात महाराष्ट्रीय पंडितांचा वाटा फार मोठा होता. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्या शतकाचा पूर्वार्ध ह्या काळात काशीत वास करणारे नागेशभट्ट हे काळे उपनावाचे महाराष्ट्रीय. त्यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ पाणिनीच्या सूत्रांचा अर्थ लावण्याच्या नियमांचा, म्हणजे नियमांच्या नियमांचा, ग्रंथ आहे. त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे ह्यांनी त्यावर ‘गदा’ ही टीका लिहिली, पुढे काशीतच तात्याशास्त्री पटवर्धनांनी ‘भूति’ लिहिली, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रांझ कीलहॉर्न ह्या जर्मन पंडिताने 1868 पासून मुंबईत तो ग्रंथ व त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले.

पाणिनीची नामकरणपद्धती पाहिली, की संगणकाशी परिचय असलेल्या वाचकाला आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. वर्णांची यादी चौदा गटांत मांडलेली असून प्रत्येक गटाच्या शेवटी एक खुणेचे व्यंजन आहे; आरंभीचा वर्ण आणि शेवटची खूण जोडली, की मधल्या साऱ्या वर्णांचे नाव तयार होते. ‘अच्’ म्हटले की सर्व स्वर, ‘हल्’ म्हटले की सर्व व्यंजने. येथे वर्णांची यादी हा मूळ तक्ता आहे आणि ‘अच्’ हे त्यातून काढलेल्या एका विशिष्ट भागाचे नाव आहे. शिवाय तो भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे त्या नावातच लिहिलेले आहे. परंतु ह्या पद्धतीत एक पेच आहे. ‘ण्’ ही खूण यादीत दोनदा येते: पहिल्या गटात अ, इ, उ ह्यांच्या नंतर, आणि सहाव्या गटात ल ह्याच्या नंतर. तेव्हा ‘अण्’ ह्या नावाने केवळ अ, इ, उ हे तीन वर्ण घ्यावयाचे, की पुढचे सारे स्वर आणि ह, य, व, र, ल हेही घ्यावयाचे? ‘परिभाषेन्दुशेखरा’ची पहिलीच परिभाषा ह्या संशयाशी निगडित आहे. तिचा आशय असा की, संशय उत्पन्न झाला म्हणून नियम टाकाऊ ठरत नाही, जाणत्यांच्या व्याख्यानावरून विशिष्ट अर्थ निश्चित करावा. आणि परंपरेने तो केलाही आहे: एक सूत्र सोडून सर्वत्र ‘अण्’ मध्ये पहिला ण् घ्यावा, आणि ‘इण्’ मध्ये सदैव दुसरा. एका नावाचे दोन अर्थ झाले, तर तोडगा निघतो खरा, पण तो नावाच्या बाहेर कोठे तरी लिहून ठेवावा लागतो आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवावा लागतो. काशीतल्या वैयाकरणांपाशी ती गुरुपरंपरा होती. दोन-तीन वर्षांनी माणसे बदलणाऱ्या कार्यालयापाशी ती नसते, आणि म्हणूनच कार्यालयाने संदिग्ध नाव मुळातच देऊ नये.

त्याच ग्रंथातला दुसरा वाद तर व्ह्यूच्या मर्मालाच हात घालतो. संज्ञा जेथे सांगितली तेथेच तिचा अर्थ निश्चित होतो आणि तो निश्चित अर्थ पुढे वापरला जातो, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याला यथोद्देश पक्ष म्हणतात. संज्ञा ही जेथे कार्य करावयाचे असते त्या सूत्राशी जाऊन मिळते आणि तेथेच, त्या कार्याच्या वेळी, तिचा अर्थ पुरा होतो, असे मानणारा दुसरा. तो कार्यकाल पक्ष. हा शब्दच्छल नव्हे. कारण पाणिनीच्या शास्त्रात कोणता नियम आधीचा आणि कोणता नंतरचा ह्यावर विरोधाचा निकाल अवलंबून असतो, आणि संज्ञेचे स्थान कोणते मानले ह्यावरून तो निकाल पालटू शकतो. साधा व्ह्यू हा कार्यकाल पक्षाचा आहे: त्याला विचारावे तेव्हा तो मूळ तक्त्यांकडे जाऊन त्या क्षणीचे उत्तर आणतो. त्याच्या उलट, उत्तर एकदाच काढून साठवून ठेवावयाचे आणि आज्ञा होईल तेव्हाच ते ताजे करावयाचे, असाही एक प्रकार आहे. त्याला मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणतात, आणि पोस्टग्रेस्क्यूएल ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त प्रणालीत तो 2013 पासून उपलब्ध आहे. तो यथोद्देश पक्षाच्या जवळचा. दोन्ही उपयोगी आहेत, पण वापरणाऱ्याला आपल्यासमोर कोणता आहे हे कळलेच पाहिजे. कारण पहिल्यातले उत्तर आत्ताचे असते आणि दुसऱ्यातले काल रात्रीचे असू शकते.

ही काळजी जुन्या महसुली पद्धतीने अचूक घेतलेली आहे. उत्तर प्रदेशातील खतौनी परंपरेने सहा फसली वर्षांसाठी तयार होई, मध्यंतरीचे आदेश तिच्या पुढच्या रकान्यांत टिपले जात, आणि ती कोणत्या फसली सालापासून कोणत्या सालापर्यंतची आहे, हे तिच्या माथ्यावरच लिहिलेले असे. फसली साल पिकांच्या हंगामाला धरून 1 जुलैला सुरू होते. 2024 च्या जुलैत 1432 फसली सुरू झाले. दफ्तर साठवलेले आहे, तेव्हा त्याचा काळ त्याच्या नावासोबत गेला पाहिजे, हे त्या पद्धतीने गृहीत धरले होते. आजच्या मटेरियलाइज्ड व्ह्यूच्या नावातही ‘साठा’ किंवा ‘रोज’, ‘मास’ अशी खूण असलीच पाहिजे, ह्या मागणीला ह्याहून भक्कम आधार शोधण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. माहितीच्या घटकांना नावे कशी द्यावीत ह्याविषयी आयएसओ/आयईसी 11179 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा पाचवा भाग नामकरणासाठीच राखलेला असून नावाचे घटक कोणते, त्यांचा क्रम कोणता, शब्द कोणते चालतील आणि नाव एकमेव कसे राहील, हे प्रत्येक संस्थेने लेखी ठरवावे अशी त्याची दृष्टी आहे. व्ह्यूपुरते बोलावयाचे तर चार घटक पुरतात: विषय कोणता, एक ओळ म्हणजे काय, अवस्था कोणती, आणि काळ कोणता. ‘फेरफार_गावनिहाय_प्रलंबित_दैनिक’ ह्या नावात हे चारही आहेत: विषय फेरफार, एक ओळ म्हणजे एक गाव, अवस्था प्रलंबित, काळ रोजचा. घटकांचा क्रम सर्वत्र हाच ठेवला, म्हणजे वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत फेरफाराचे सर्व व्ह्यू आपोआप शेजारी येतात, आणि शोधणाऱ्याचे निम्मे काम नाव वाचताच होते.

परंतु हेच नाव आपण पोस्टग्रेस्क्यूएलला देऊन पाहू. तेथे नावाची मर्यादा 63 बाइटांची आहे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना-मात्रा असो वा हलन्त, तीन बाइटे घेते. वरच्या नावात अशी 27 चिन्हे आहेत. त्यांची 81 बाइटे आणि तीन अधोरेषांची तीन मिळून 84 झाली. प्रणाली नाव नाकारीत नाही. एक सूचना देऊन ते कापते, आणि ‘फेरफार_गावनिहाय_प्रलंब’ एवढेच उरते. मग कोणी ‘फेरफार_गावनिहाय_प्रलंबित_मासिक’ असा दुसरा व्ह्यू करू गेले, तर तोही कापला जाऊन नेमका त्याच नावाशी येऊन थांबतो. आणि आज्ञा ‘असल्यास बदल’ ह्या प्रकारची असली व रकाने सारखेच असले, तर दैनिक व्ह्यूच्या जागी मासिक व्ह्यू येऊन बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांपुढे जाणारा आकडा निराळाच असतो. त्याऐवजी ‘फेरफार_गाव_प्रलंबित_रोज’ असे म्हटले, तर 20 चिन्हांची 60 आणि अधोरेषांची तीन अशी बरोबर 63 बाइटे होतात, नाव अखंड राहते आणि शेवटचा ‘रोज’ काढून ‘मास’ लिहिला तरीही ते मर्यादेतच राहते. देवनागरीत नावे देण्याचा आग्रह मला मनापासून मान्य आहे. पण तो धरणाऱ्याने ही मोजणी आधी करावी, आणि आखूड शब्दांची एक संमत यादी जवळ बाळगावी. ओरॅकल प्रणालीत तर अनेक वर्षे ही मर्यादा 30 बाइटांचीच होती, आणि तेथे मराठी नावाच्या वाट्याला दहाच चिन्हे येत.

व्ह्यूच्या नावापुढे ‘व्ही’ ह्या रोमन अक्षरासारखा उपसर्ग लावावा काय, ह्यावर जाणकारांत दीर्घकाळ मतभेद आहेत. लावावा म्हणणारे सांगतात की, तक्ता कोणता आणि व्ह्यू कोणता हे देखभाल करणाऱ्याला लगेच कळते. माझे मत विरुद्ध बाजूचे आहे. वापरणाऱ्याला साठवणुकीची काळजी करावी लागू नये, हे कॉडच्या विचाराचे सार आहे. आज जो तक्ता आहे तो उद्या दोन तक्त्यांत विभागला जाईल, आणि त्याच्या जुन्या नावाने एक व्ह्यू उभा करून कोणाच्याही कामात खंड न पडू देता तो बदल पार पाडता येईल, हेच तर ह्या रचनेचे सामर्थ्य. उपसर्गाने ते सामर्थ्य नष्ट होते. जेथे वर्तनात फरक पडतो तेथे, म्हणजे साठवलेल्या व्ह्यूला, खूण असावी. जेथे फरक पडत नाही तेथे ती नसावी.

काही नावे मात्र सरसकट वर्ज्य मानावीत. ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘सुधारित_2’ ही नावे दिल्याच्या दिवशीच काय ती खरी असतात. करणाऱ्या व्यक्तीचे किंवा मागणी करणाऱ्या साहेबाचे नाव व्ह्यूला देऊ नये. त्याची बदली होते आणि व्ह्यू मागे राहतो. एकाच शब्दाचे ‘फेर’, ‘फेफा’, ‘एमयूटी’ असे तीन संक्षेप एका यादीत चालवू नयेत. आणि नाव बदलणे अटळच झाले, तर जुन्या नावाचा व्ह्यू ठरावीक मुदतीपर्यंत चालू ठेवून, नव्या नावाची नोंद व बदलाची तारीख वर्णनात लिहून, मगच जुने नाव काढावे. त्याच्यावर कोणते अहवाल अवलंबून आहेत हे पाहिल्याशिवाय ते काढू नये.

हे सर्व नियम एका पृष्ठावर मावतात. आज महाराष्ट्रातील असंख्य कार्यालये, सहकारी बँका, रुग्णालये आणि विद्यापीठे आपली दफ्तरे संगणकावर नेत आहेत, आणि तेथे बसलेले आपले तरुण अभियंते रोज नवनवे व्ह्यू निर्माण करीत आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच की, पहिला व्ह्यू करण्यापूर्वी ते एक पृष्ठ लिहावे, त्यावर सर्वांची संमती घ्यावी, आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते पहिल्याच दिवशी द्यावे.